काठी आणि खाट यांच्या मधलं वाहन

आपल्याकडे म्हातारपणाच्या साधनांची यादी फार छोटी आहे. आधी काठी, मग वॉकर आणि शेवटी खाट. काठी हातात आल्यापासून खाट धरेपर्यंत माणूस कधीकधी दहा-पंधरा वर्षं जगतो. डोकं शाबूत असतं, हात धड असतात, आवाज खणखणीत असतो. फक्त गुडघे साथ देत नाहीत. अशी माणसं बीड, माजलगाव, अंबाजोगाई, परळीच्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. घरातल्या घरात ती चालतात, पण बाजार, दवाखाना, मशीद, बहिणीचं घर एकेक करून सुटत जातं. मग आपण मोठ्या प्रेमानं सांगतो, "आता वय झालं, घरीच बसून अल्लाह अल्लाह करा."

मला वाटतं, अशा माणसाला आपण स्कूटर द्यायला हवी. तीही त्यानं बाहेर पडणं सोडण्याआधी. एकदा सवय मोडली, की मोठ्या रस्त्याचीही भीती वाटू लागते.

स्कूटर म्हटलं की आपल्याला कॉलेजची पोरं आठवतात. पण पाय अधू असलेल्या माणसाचे पाय म्हणून स्कूटर चालते, हे आपल्या गावांना नवीन नाही. साईड व्हील लावलेल्या गाड्या आपण वर्षानुवर्षं पाहतोय. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याआधीच्या पिढीतली मुलं आज माझ्या वयाची आणि माझ्याहून मोठी आहेत. त्यातले कुणी शिक्षक झाले, कुणी तलाठी, कुणी मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझे एक सहकारी रोज अशाच गाडीवर शाळेत येतात. त्यांना कुणी 'बिचारा' म्हणत नाही. त्याच घरात त्यांच्या सत्तरीतल्या अम्मी आहेत. मुलाइतकंही त्यांना चालवत नाही, तरी त्यांच्यासाठी गाडीचा विचार कुणाच्या मनात आलेला नाही. मुलाचं अपंगत्व आहे आणि अम्मीचं 'वय' आहे, एवढाच फरक.

हाच फरक सरकारी कागदांतही दिसतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. वयानं झिजलेला गुडघा असा वेगळा प्रकार त्यात नाही. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. केंद्राच्या एडिप योजनेत बॅटरीवरची तीनचाकी मिळते, पण तिची अट ८० टक्क्यांची. ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. तिच्यात काठी, कुबड्या, वॉकर, साधी व्हीलचेअर, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजूंना एकदाच ३००० रुपये मिळतात. हे सगळं चांगलंच आहे, पण त्यातलं काहीही माणसाला घरापासून एक किलोमीटर नेऊन परत आणत नाही. साधी व्हीलचेअर ढकलायला मागे दुसरा माणूस लागतो, आणि आमच्या गल्लीतल्या गटारीच्या चेंबरवरून ती जातही नाही.

एसटीचं उदाहरण घ्या. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे बीडहून परळीला जायला आजोबांना पैसे लागत नाहीत. पण घरापासून बसस्टँडपर्यंत जायला रिक्षा लागते, आणि नेणारा नातू लागतो. नातवाला सवड असेल त्या दिवशी आजोबांचा प्रवास.

इथं मला बायकांबद्दल वेगळं बोलायचं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या बायकांचे गुडघे घरात बसून झिजलेले नाहीत. हजारो बायका दर हंगामात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर गेल्या. त्यांनी वाकून ऊस तोडला आणि डोक्यावर मोळ्या वाहिल्या. शहरातल्या मुस्लिम मोहल्ल्यांतल्या बायकांनी जमिनीवर बसून स्वयंपाक केला, शिवणयंत्र चालवलं, दोन मजले पाणी चढवलं. यांतल्या बहुतेकींनी आयुष्यात सायकलही चालवली नाही. आधी वडील, मग नवरा, आता मुलगा नेईल तेव्हा जायचं. गुडघे गेले की हा परावलंबीपणा पक्का होतो. साठीतल्या बाईला तीन चाकांची, संथ चालणारी गाडी शिकवणं अवघड नाही. त्या गाडीवर तोल सांभाळावा लागत नाही. अवघड आहे ते "लोक काय म्हणतील" हे ऐकून घेणं.

लोकांना एक आठवण द्यावीशी वाटते. आपल्यातले जे हज-उमरा करून आले आहेत, त्यांनी हरम शरीफमध्ये वरच्या मजल्यावर बॅटरीवरच्या गाड्या पाहिल्या असतील. वृद्ध आणि आजारी माणसं त्यांवर बसून तवाफ आणि सई करतात. तिथं कुणी हसत नाही. ही सोय यंत्रामुळे नवी वाटते, पण सवलत जुनी आहे. निरोपाच्या हजमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंटावर बसून तवाफ केल्याचं हदीसमध्ये आहे. हजरत उम्मे सलमा (र.) आजारी होत्या, तेव्हा त्यांना लोकांच्या मागून स्वारीवर बसून तवाफ करायला सांगितलं गेलं. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज पढावी, हे तर आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. काबागृहाभोवती जी गोष्ट मान्य आहे, ती आपल्या गल्लीत लाजेची कशी होते?

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. डॉक्टर चालायला सांगतात, गाडी दिली की माणूस आणखी बसेल. चालायला हवंच. पण अंगणात वीस मिनिटं चालणं वेगळं आणि भाजीची पिशवी घेऊन ट्रकांच्या गर्दीतून यायचं वेगळं. एकदा बाजारात जाऊन दोन दिवस शेक घेत पडावं लागलं, की माणूस तिसऱ्या दिवशी जात नाही. गाडी असेल तर तो बाजारापर्यंत बसून जाईल आणि तिथं चार दुकानं चालेल. अंगातली ताकद कुठं खर्च करायची, हे तो स्वतः ठरवेल.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तो खरा आहे, म्हणून गाडी समजून घेतली पाहिजे. परदेशात यासाठी वेगळी मोबिलिटी स्कूटर असते: खुर्चीसारखी सीट, समोर हँडल, तीन किंवा चार चाकं, बॅटरी. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये अॅलन थीम यांनी आपल्या आजारी नातेवाइकासाठी ती बनवली. ब्रिटनमध्ये तिला लायसन्स लागत नाही. फूटपाथवर ताशी सुमारे साडेसहा किलोमीटर आणि रस्त्यावर सुमारे तेरा किलोमीटर एवढीच तिला मुभा. आपल्या गावांतले फूटपाथ आधी टपऱ्यांमधून शोधावे लागतील, त्यामुळे ती गाडी जशीच्या तशी इथं चालणार नाही.

आपल्याकडे दोन रस्ते आहेत. पहिला, कमी वेगाच्या इलेक्ट्रिक गाडीचा. मोटारीची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि नियमातल्या बाकीच्या अटी पूर्ण असतील, तर ती मोटार वाहन ठरत नाही. तिला लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. पण दुकानातली बहुतेक मॉडेलं दुचाकी असतात. थांबताना ज्याला पाय टेकवता येत नाही, त्यानं दुचाकी घेऊ नये. दुसरा रस्ता साईड व्हीलचा. ही गाडी वळताना कलत नाही, म्हणून वळण अगदी हळू घ्यावं लागतं. मागे घेताना पायानं ढकलता येत नसेल तर रिव्हर्सची सोय करून घ्यावी. गॅरेजमध्ये चाकं लावली म्हणजे काम संपलं, असंही नाही. हा बदल आरसी बुकवर नोंदवावा लागतो, नाहीतर अपघातानंतर विम्याची अडचण येते. पूर्वी कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर 'अॅडॅप्टेड व्हेईकल' म्हणतात आणि तिचं लायसन्स मिळतं. त्यामुळे एजंटानं "असं होत नाही" म्हटलं, तर बीड किंवा अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयात स्वतः जाऊन विचारावं.

सरकारकडे आपली मागणी सरळ असावी. वयोश्रीच्या यादीत बॅटरीवरची तीनचाकी घाला आणि तिच्यासाठी टक्केवारीच्या प्रमाणपत्राऐवजी 'हा माणूस अर्धा किलोमीटर चालू शकत नाही' एवढा डॉक्टरांचा दाखला पुरेसा माना. ग्रामपंचायतींच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो. तो कुठं खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

पण सगळं सरकारवर टाकून चालणार नाही. प्रत्येक मशिदीत मय्यतीसाठी जनाजा ठेवलेला असतो. जिवंत माणसाला मशिदीपर्यंत आणणारं वाहन मी अजून एकाही मशिदीत पाहिलेलं नाही. लग्नाच्या डेगा, सतरंज्या, भांडी जमात सांभाळतेच. तशीच एक तीनचाकी गाडी चंद्यातून घ्यावी आणि जिला दवाखान्यात जायचंय त्या खालालाही द्यावी, तिचा धर्म न विचारता. कुणा गरीब वृद्धाला स्वतःची गाडी घेऊन द्यायची असेल, तर जकातीतून कसं करता येईल हे आपल्या मौलानांना विचारावं. आणि वजूखान्याच्या बाजूची दोन पायऱ्यांची जागा फोडून तिथं उतार करावा. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. पुढच्या जुम्याच्या आधी होऊ शकतं.