फुकटची छत्री

उन्हाळ्याच्या सुटीत मी सोलापूरहून इंदूरला, स्नेहलतागंजात मामांकडे गेले होते. जेवताना आगबोटींचा विषय निघाला. मामा हसून म्हणाले, "अगं, ना तुमच्या सोलापूरला समुद्र, ना आमच्या इंदूरला. आपल्याला ही उठाठेव कशाला?"

उत्तर माझ्याजवळ होते. वालचंद हिराचंद सोलापूरचेच. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९१४ मध्ये 'एम्प्रेस ऑफ इंडिया' ही प्रवासी बोट घेऊन जखमी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय केले व 'लॉयल्टी' नाव ठेवले. तीच बोट वालचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी घेतली, कंपनीला शिंद्यांचे नाव दिले आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन आहे. समुद्र ग्वाल्हेरलाही नाही!

त्या काळी बोटी हा राष्ट्राभिमानाचा विषय होता. १८९७ मध्ये जर्मन बोटीने अटलांटिकवरील वेगाचा मान इंग्लंडकडून हिरावला, तेव्हा इंग्लंडच्या सरकारने कंपनीला कर्ज देऊन 'ल्युसिटानिया' व 'मॉरिटानिया' बांधवल्या आणि १९०७ मध्ये तो परत मिळवला. आपल्या कंपनीच्या पाठीशी असे सरकार नव्हते. शिवाय इथली लढाई वेगाची नव्हती, भाड्याची होती. ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडले. शेवटी १९२३ मध्ये सिंदियाला दहा वर्षांचा करार करून किनाऱ्यावरच्या वाहतुकीपुरते थांबावे लागले.

"पण भाडे उतरले तर गिऱ्हाइकाचा फायदाच की!" मामा म्हणाले.

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी असूनही मी क्षणभर गप्प झाले. मग चिदंबरम पिळ्ळै आठवले. त्यांनी १९०६ मध्ये तुतिकोरीनला स्वदेशी आगबोट कंपनी काढली. तिला बुडवण्यासाठी ब्रिटिश कंपनीने फुकट प्रवास आणि वर एकेक छत्री देऊ केली, असे सांगतात. १९०८ मध्ये पिळ्ळै तुरुंगात गेले, १९११ मध्ये कंपनी मोडली. प्रतिस्पर्धी उरला नाही की फुकट प्रवास कोण देतो? ती छत्री भेट नव्हती. पुढच्या भाड्याची ती उचल होती.

स्वस्त घेणे हा गुन्हा नाही. परंतु कार्यक्षमतेमुळे उतरलेली किंमत वेगळी आणि दुसऱ्याला उठवण्यासाठी पाडलेली किंमत वेगळी. हा फरक ओळखणे सरकारचे काम आहे, तसे आपलेही आहे. आज आपला बहुतेक परदेशी व्यापार परक्या जहाजांतूनच चालतो आणि त्यांचे भाडे परकीय चलनात मोजावे लागते.

दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी माझेही सांगते. महिनाअखेरीस आम्ही गल्लीतल्या दुकानातून उधारीवर सामान आणतो; हातात रोख पैसे आले की मात्र सवलत देणाऱ्या मोठ्या दुकानात जातो. मागच्या दिवाळीत तिथून एक पिशवी फुकट मिळाली. ती घेऊन गल्लीतल्या दुकानावरून येताना मी मान खाली घातली होती.

मामांना हे सांगितले नाही. त्यांचेही दुकान लहानच आहे.