घराण्याचा आजार आणि वंशावळीची वही

लग्न जुळवताना आपण काय काय विचारतो! गोत्र विचारतो, पत्रिका बघतो, मुलाचा पगार, राहतं घर, घरात माणसं किती, सगळी चौकशी होते. पण ‘तुमच्या घरात कुणाला पिढीजात आजार आहे का?’ हा प्रश्न मात्र ओठावर येऊन परत जातो. विचारणाऱ्याला संकोच आणि सांगणाऱ्याला भीती. एखाद्या काकांचे हातपाय सारखे हलायचे, एखादी आत्या ‘वेडी होऊन गेली’, अशा गोष्टी माजघरातच राहतात. फार तर एखादी आजी भाजी निवडता निवडता बोलून जाते आणि सून आत आली की गप्प होते.

आज या माजघरातल्या गोष्टींबद्दलच लिहायचं आहे. कारण एका भयंकर आनुवंशिक रोगाचं मूळ सापडलं, ते अशाच घरगुती आठवणी घरोघर जाऊन गोळा केल्यामुळे. आणि त्या कामाला वाहून घेतलं एका बाईनं, जिच्या स्वतःच्या घरात तो रोग होता.

रोगाचं नाव हंटिंग्टन. जॉर्ज हंटिंग्टन या तरुण अमेरिकन डॉक्टरनं १८७२ साली त्याचं नेमकं वर्णन केलं. त्याचे वडील आणि आजोबाही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डॉक्टरकी करत. त्यामुळे एकाच घराण्यातले पिढ्यान्‌पिढ्यांचे रोगी या तिघांनी मिळून पाहिले होते. एरवी एकट्या डॉक्टरला हे कसं कळणार?

हा रोग बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान डोकं वर काढतो. हातपाय आपोआप हलू लागतात, चाल झोकांड्या खाल्ल्यासारखी होते, स्वभाव चिडका किंवा उदास होतो, स्मरणशक्ती जाते. पंधरा-वीस वर्षं माणूस असा झिजत राहतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला रोग असला, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी, मग तो मुलगा असो की मुलगी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपल्याला रोग आहे हे कळेपर्यंत मुलंबाळं झालेली असतात.

लिओनोर वेक्सलर ही अमेरिकेतली सुशिक्षित बाई, जीवशास्त्र शिकलेली. तिचे वडील या रोगानं गेले, पुढे तिघे भाऊही गेले. पण हा रोग फक्त पुरुषांना होतो, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं. खरं कुणी बसून सांगितलंच नाही. १९६८ मध्ये एकदा सकाळी रस्ता ओलांडताना तिची चाल पाहून पोलिसानं तिला हटकलं, की एवढ्या सकाळी दारू प्यायलात की काय? मग तपासणी झाली आणि रोगाचं नाव कळलं. तिच्या दोन मुली, ॲलिस आणि नॅन्सी, तेव्हा विशीत होत्या. आपल्या घरात असा रोग आहे हे त्यांना त्या वेळी प्रथमच कळलं. आपल्यालाही तो होण्याची शक्यता निम्मी, हेही त्याच वेळी कळलं. आपण मूल होऊ द्यायचं नाही, असं दोघींनी ठरवलं.

लिओनोर १९७८ साली गेली. पण तिच्या आजारपणातच मिल्टन वेक्सलर यांनी, म्हणजे मुलींच्या वडिलांनी, आनुवंशिक रोगांच्या संशोधनासाठी एक संस्था काढली होती. नॅन्सी मानसशास्त्र शिकलेली. ती या कामात पडली ती पडलीच.

आता इथून थेट दक्षिण अमेरिकेत जायचं. वेनेझुएला देशात माराकायबो नावाचं मोठं सरोवर आहे. काठावर कोळ्यांची गरीब गावं, काही घरं तर पाण्यात खांब रोवून बांधलेली. १९५०च्या दशकात आमेरिको नेग्रेते नावाचे डॉक्टर तिथे नोकरीला आले. रस्त्यात झोकांड्या खाणारी माणसं त्यांना दिसली आणि ती दारू प्यायलेली आहेत असं त्यांनाही वाटलं. गावकऱ्यांनी सांगितलं, प्यायलेली नाहीत, आजारी आहेत. हा हंटिंग्टनच आहे हे नेग्रेते यांनी ओळखलं. १९७२ मध्ये वेनेझुएलाच्या एका डॉक्टरनं या रोग्यांची फिल्म अमेरिकेतल्या एका परिषदेत दाखवली, तेव्हा बघणारे थक्क झाले. एकाच भागात इतके रोगी आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक!

नॅन्सी तिथे १९७९ मध्ये प्रथम गेली, आणि १९८१ पासून दरवर्षी डॉक्टर, परिचारिका बरोबर घेऊन जात राहिली. काम काय, तर दारोदार जाऊन विचारायचं. तुमची आई कोण? तिला भावंडं किती? कुणाचे हातपाय हलायचे? कितव्या वर्षी गेली? हे सगळं कागदावर मांडायचं आणि शक्य तिथे रक्ताचा नमुना घ्यायचा. होता होता ती वंशावळ अठरा हजारांवर माणसांची झाली आणि चार हजारांवर रक्ताचे नमुने जमले. वर वर जात धागे पोचले ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेल्या मारिया कॉन्सेप्सियॉन नावाच्या एका बाईपर्यंत.

परक्या बाईला रक्त कोण सहज देणार? लोक बिचकत. तेव्हा नॅन्सी आपल्या दंडावरची एक बारीक खूण दाखवी. तिनंही संशोधनासाठी आपल्या कातडीचा छोटा तुकडा काढून दिला होता, त्याची ती खूण. माझी आईही याच रोगानं गेली, हे ती सांगे. मग दारं उघडत.

आता तुम्ही म्हणाल, वंशावळ आणि रक्त जमवून रोगाचं मूळ कसं सापडतं? आजीच्या ट्रंकेचा दाखला घेऊ. ट्रंकेत शंभर वस्तू आहेत आणि त्या लेकीसुनांत, नातींत वाटल्या जातात. एका कोपऱ्यात अगदी शेजारी ठेवलेल्या दोन वस्तू बहुधा एकीच्याच वाट्याला जातात. लांब ठेवलेल्या वस्तूंची ताटातूट होते. आईवडिलांकडून मुलांना जी गुणसूत्रं मिळतात, त्यांच्यातही असंच वाटप होतं. तेव्हा रोगाचं जनुक कुठे आहे हे माहीत नसलं, तरी दिसू शकणारी एखादी खूण शोधायची. रोगी असलेल्या बहुतेक सगळ्यांत ती खूण आहे आणि निरोगी भावंडांत नाही, असं घराण्यात दिसलं, की समजायचं, रोगाचं जनुक याच कोपऱ्यात, खुणेच्या शेजारी आहे. मात्र घर लहान असेल तर हा निव्वळ योगायोगही असू शकतो. म्हणून शेकड्यांनी माणसं असलेलं घराणं हवं, आणि कोण कुणाचं हे अचूक माहीत हवं. एक जरी नातं चुकीचं सांगितलं, तर हिशेब बिघडला.

अमेरिकेतल्या जेम्स गुसेला या शास्त्रज्ञानं हे नमुने तपासले. शेकडो खुणा तपासाव्या लागतील असा अंदाज होता, पण पहिल्या डझनभरातच नशीब उघडलं. १९८३ मध्ये जाहीर झालं, की हंटिंग्टनचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. नुसता कोपरा सापडला होता, वस्तू नव्हे. ती हाती लागायला आणखी दहा वर्षं गेली. १९९३ मध्ये सहा गटांतल्या अठ्ठावन्न शास्त्रज्ञांनी मिळून जनुक शोधून काढलं.

दोष काय निघाला? विणकामाच्या नमुन्यात आपण लिहितो ना, ‘दोन सुलट, एक उलट, असं वीस वेळा’, तसं. जनुकात सी-ए-जी ही तीन अक्षरं एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. पस्तिसापर्यंत आली तर माणसाला हा रोग होत नाही. छत्तीस ते एकोणचाळीस असतील तर रोग होईल किंवा होणारही नाही. चाळीस किंवा जास्त असतील, तर पूर्ण आयुष्य जगलेल्या माणसाला आज ना उद्या तो होतोच. टाके जितके जास्त, तितका रोग लवकर.

हे नीट लक्षात घ्या. यात कुणाच्या पापाचा संबंध नाही, गरोदरपणात पाहिलेल्या ग्रहणाचा नाही, सुनेच्या पायगुणाचा तर मुळीच नाही. उलट या रोगात वडिलांकडून येताना टाक्यांची संख्या वाढण्याचा संभव जास्त असतो. मूल आजारी निघालं की बोट आईकडे दाखवायचं, ही आपली जुनी खोड विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही.

पुढची गोष्ट मात्र गोड नाही. जनुक सापडलं, रक्त तपासून आधीच सांगता येऊ लागलं, पण रोग बरा करणारं औषध आजही नाही. हालचाली आणि उदासी थोडी आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत इतकंच. त्यामुळे ज्यांना धोका आहे अशांपैकी बहुतेकांनी तपासणी न करून घेणंच पसंत केलं. पुढे काय वाढून ठेवलंय ते जाणून घ्यायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. २०२० साली नॅन्सी वेक्सलरनं जाहीरपणे सांगितलं, की तिलाही हा रोग झाला आहे. आणि ज्या कोळ्यांच्या रक्तातून सगळ्या जगाला ही माहिती मिळाली, त्यांची गरिबी तशीच राहिली. १९९९ मध्ये माराकायबोत त्यांच्यासाठी एक शुश्रूषागृह उघडलं गेलं, पण पुढे तेही टिकलं नाही. हे ऋण जगानं फेडलेलं नाही, असंच म्हणावं लागेल.

आता शोधाची साधनं बदलली आहेत. माणसाच्या सगळ्या जनुकसंचाची तीन अब्जांवर अक्षरं यंत्रावर वाचता येतात, त्यामुळे कधी कधी छोटं घरही पुरतं. २०१० मध्ये अमेरिकेत एका चौघांच्या कुटुंबाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. आईवडील निरोगी, पण दोन्ही मुलांना जन्मतःच मिलर सिंड्रोम नावाचा अतिशय दुर्मीळ विकार. चौघांची अक्षरं शेजारी मांडल्यावर संशयित जनुकं बोटांवर मोजण्याइतकी उरली आणि कारण असलेलं जनुक नक्की झालं. इथे दोष आई आणि वडील दोघांकडून एकेक आला होता. एकच असता तर काही झालं नसतं. जवळच्या नात्यात, म्हणजे मामाच्या मुलीशी वगैरे लग्न झालं, तर अशा लपलेल्या दोषांची जोडी जमण्याची शक्यता वाढते, कारण दोघांचे आजीआजोबा तेच.

मग आपण घरात काय करायचं?

एक साधी वही घ्या. माहेर आणि सासर अशा दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्या लिहून काढा. प्रत्येकाचं नाव, नातं, मोठा आजार कोणता आणि कितव्या वर्षी सुरू झाला, कितव्या वर्षी गेले. गर्भपात, दगावलेली बाळं, नात्यातली लग्नं, दत्तक, हेही लिहा. ‘वेड लागलं’, ‘दारूनं गेला’ एवढ्यावर थांबू नका. नेमकं काय होत होतं ते विचारा. लिओनोरचं आणि माराकायबोच्या लोकांचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा.

एकच आजार दोन-तीन माणसांत दिसला, तर ही वही घेऊन डॉक्टरांकडे जा. स्वतःच रोगाचं नाव ठरवून मोकळ्या होऊ नका. मोठ्या रुग्णालयांतून आनुवंशिक सल्ला देणारे तज्ज्ञ असतात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणाखाली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाला अशा रोगांचं केंद्र म्हणून मान्यता मिळालेली आहे. मोठेपणी होणाऱ्या आणि ज्यावर औषध नाही अशा रोगासाठी धडधाकट लहान मुलाची तपासणी करवू नका. मोठं झाल्यावर तो निर्णय त्याचा त्यानं घ्यायचा.

आणि लग्नाच्या वेळी सांगायचं का? डॉक्टरांनी निदान केलेलं असेल, तर सांगावं, असं माझं मत आहे. ‘अहो, मग स्थळ मोडेल ना!’ असं कितीतरी जणी म्हणतील. मोडेलही कदाचित. पण सांगून जमलेल्या लग्नात दोघं मिळून डॉक्टरांकडे जातात आणि मुलांचा विचार आधी करतात. लपवून केलेल्या लग्नात हे सगळं दहा-पंधरा वर्षांनी बाहेर पडतं, आणि तेव्हा पदरात लेकरं असतात. मात्र निदान झालेलं नसताना नुसत्या कुजबुजीवरून कुणाच्या मुलीला नाव ठेवणं हेही तितकंच वाईट. ते आपण करू नये आणि शेजारणीलाही करू देऊ नये.

वहीची सुरुवात घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईपासून करा. आजेसासूबाई असोत, आत्याबाई असोत, नाहीतर माहेरची मावशी. दुपारी त्यांच्यापाशी निवांत बसा, चहा द्या आणि विचारा. पहिल्या दिवशी त्या म्हणतील, ‘कशाला त्या जुन्या गोष्टी उकरायच्या?’ दुसऱ्या दिवशी आपणहून बोलू लागतील. तेव्हा पेन जवळ असू द्या.