‘खेळून पुढे काय?’

मैत्रिणींनो, पीट सॅम्प्रस आठवतोय ना? नव्वदच्या दशकात विम्बल्डनची फायनल म्हटली की टीव्हीवर हा कुरळ्या केसांचा, कमी बोलणारा मुलगा हमखास दिसायचा. १४ ग्रँडस्लॅम जिंकली त्याने. त्याला त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी एक बहीण आहे आणि तीही टेनिसचीच, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना माहीत असेल. तिचं नाव स्टेला. आज मला तिच्याविषयी लिहायचंय. आणि ‘भावाची बहीण’ म्हणून नाही, बरं का!

घर ग्रीक वंशाचं, मुलं चार. १९७८ मध्ये हे कुटुंब अमेरिकेच्या पूर्वेकडून कॅलिफोर्नियात आलं. तिथे बारा महिने उघड्यावर टेनिस खेळता येतं. स्टेला आणि पीट दोघंही त्या कोर्टांवर वाढली. पुढे १९८८ साली एक गंमत झाली. सोळा वर्षांच्या पीटने शाळा सोडली आणि तो व्यावसायिक खेळाडू झाला. त्याच वर्षी स्टेला लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये शिकत होती आणि अ‍ॅलिसन कूपर या जोडीदारणीबरोबर तिने अमेरिकेतल्या कॉलेजांची राष्ट्रीय दुहेरी स्पर्धा जिंकली. भावाचं पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. बहीण आधी त्याच विद्यापीठात सहायक प्रशिक्षक झाली आणि १९९६ मध्ये महिला संघाची मुख्य प्रशिक्षक. लग्नानंतर ती स्टेला सॅम्प्रस वेब्स्टर झाली, नोकरी मात्र तीच राहिली. दोन दशकांहून जास्त काळ!

आता तुम्ही म्हणाल, कोच म्हणजे काय, शिट्टी वाजवायची आणि मुलींना पळवायचं. तसं नाही हो. तिथे हे पूर्ण पगारी, जबाबदारीचं पद आहे. देशोदेशीच्या शाळकरी मुलींचा खेळ पाहायचा, त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं, शिष्यवृत्ती कुणाला द्यायची ते ठरवायचं. मुली आल्या की त्यांचा सराव, प्रवास, दुखापती आणि परीक्षासुद्धा! सरावाला आठवड्याला वीस तासांची मर्यादा असते, कारण मुलगी आधी विद्यार्थिनी आहे. सामन्यात दुहेरीचा मिळून एक गुण आणि एकेरीचे सहा, आधी चार करेल तो संघ जिंकला. सहाही मुली शेजारशेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी खेळत असतात. कुठली घाबरलीय, कुणापाशी आत्ता जाऊन दोन शब्द बोलायला हवेत, हे कोचने ओळखायचं. चार मुलांच्या आईला हे काम नवं नाही, असं मला उगाचच वाटून गेलं.

स्टेलाच्या संघाने २००८ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २०१४ मध्ये पुन्हा, तेही नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध ४-३ असं अगदी शेवटच्या गुणावर. त्या संघातली जेनिफर ब्रॅडी २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली.

पण हे पद आभाळातून पडलं नाही. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढंच तो सांगतो. त्यात खेळ हा शब्दही नाही! तरी त्याच्या जोरावर मुलींचे संघ उभे राहिले. २०२५ पर्यंतच्या नियमाने वरच्या श्रेणीच्या कॉलेजला मुलींच्या टेनिस संघासाठी ८ पूर्ण शिष्यवृत्त्या देता यायच्या, मुलांच्या संघासाठी साडेचारच. कारण तिथल्या फुटबॉलच्या एका संघातच मुलग्यांच्या ८५ शिष्यवृत्त्या जायच्या, मग तोल कुठेतरी सांभाळायला नको?

मला हे वाचताना आपलं मैदान आठवत होतं. आपल्याकडे मैदानावर ‘सर’ असतात आणि ‘मॅडम’ वर्गात. मुलींचा संघ बाहेरगावी निघाला की सोबत एक बाई हवीच, म्हणून मराठी नाहीतर हिंदीच्या मॅडमना पाठवतात. मीही तशी कबड्डीच्या संघाबरोबर ‘लेडी मॅनेजर’ म्हणून दोनदा गेलेय. कबड्डीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण रात्री मुली पोटदुखीची गोष्ट सांगायला माझ्याचकडे यायच्या, सरांकडे नाही. ज्यांना खेळ कळतो त्यांच्याशी बोलता येत नाही आणि जिच्याशी बोलता येतं तिला खेळ कळत नाही. यात नुकसान मुलींचंच ना?

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असंही समजू नका. १९७२ मध्ये तिथल्या कॉलेजांतल्या मुलींच्या संघांना शिकवणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका होत्या. कायदा आला, पैसा आला, पगार वाढले आणि त्या खुर्च्यांवर पुरुष येऊन बसू लागले. २०१४ पर्यंत बायकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली, ४३ टक्क्यांच्या आसपास आलं होतं. फुकटात करायचं तोवर काम बायकांचं, पगार आला की पुरुषांचं... ही गोष्ट आपल्याला नवी आहे का? श्रीरामपूरला जन्मलेली आपली ऋतुजा भोसले टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठात शिकली, त्यांच्या संघातून खेळली. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. तिच्या कॉलेजच्या महिला संघाचे मुख्य प्रशिक्षकही पुरुषच होते. ते चांगले नव्हते असं मी म्हणत नाही. पण स्टेलासारखी बाई एवढी वर्षं त्या खुर्चीवर टिकते, हे म्हणूनच मला तिच्या दोन विजेतेपदांपेक्षा मोठं वाटतं.

आपल्या गावात मुलगी खेळायला लागली की आई विचारते, “खेळून पुढे काय?” या आईला मागासलेली म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. पदकं शंभरात एखादीला मिळणार, उरलेल्या नव्व्याण्णव जणींनी काय करायचं? सॅम्प्रसांच्या घरातही पीट एकच झाला. पण स्टेलापुढे एक पगारी, मानाची नोकरी होती, आणि तिच्या आईला तरी उत्तर मिळालं. आपल्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा डिप्लोमा करता येतो. पण तो करून आलेल्या मुलीला तालुक्याच्या गावात नेमणार कोण? नाहीतर ती लग्न करून स्वयंपाकघरात, आणि मैदानावर पुन्हा सरच.

यंदा आमच्या कॉलेजचा संघ निघेल तेव्हा ‘लेडी मॅनेजर’ म्हणून मी जाणार नाही, असं प्राचार्यांना सांगून टाकलंय. त्याऐवजी आमच्याच संघाच्या एका माजी कॅप्टनचं नाव दिलंय. दोन मुलांची आई आहे, चढाई अजून विसरलेली नाही. प्राचार्य म्हणाले, “पाठवू की, त्यांना आवड आहेच.” मी विचारलं, “आणि मानधन?” त्यावर ते म्हणाले, बघू.