अंतर कुणी विचारत नाही

तालुक्याच्या पेठेत पंपाची केबल घ्यायला गेलात की दुकानदार एकच विचारतो, “मोटर किती एचपीची?” पाच म्हटलं की अडीच एमएमचं बंडल काउंटरवर. विहीर किती लांब आहे, हे विचारायची पद्धतच नाही.

खरं तर हिशेब आठवीतल्या पोराला जमेल असा आहे. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध ०.०१७२ ओहम. त्याला मीटरांनी गुणा, एमएमने भागा. अडीचची केबल ३०० मीटर ओढली तर एका तारेचा रोध दोन ओहमच्या किंचित वर येतो. ऐकायला नगण्य! पण पाच एचपीची मोटर साधारण ८ अँपियर ओढते आणि तारेत जळणारी वीज करंटच्या वर्गाने वाढते. तिन्ही तारा मिळून जवळपास ४०० वॅट झाले. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, तेव्हा अर्ध्या एचपीहून जास्त ताकद वाटेतच बांधाची माती तापवण्यात जाते. शिवाय वीस-पंचवीस व्होल्ट घटतात. केबल ॲल्युमिनियमची असेल तर रोध दीडपटीहून अधिक.

त्यात रब्बीत सगळे पंप एकदम लागले की डीपीवरच व्होल्टेज बसलेलं असतं. तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त करंट खेचते. १० अँपियर झाले की तीच केबल सहाशे वॅट खाते, व्होल्टेज आणखी पडतं, वाइंडिंग तापतं. मोटर जळाली की आपण वीज कंपनीच्या नावाने बोटं मोडतो. निम्मा दोष तिचा असेलही, पण उरलेला निम्मा आपल्याच बांधावर पुरलेला असतो.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात २०२४ पासून वीज मोफत आहे, त्यामुळे ही गळती बिलात दिसत नाही. रिवाइंडिंगवाल्याकडे मात्र रोख मोजावी लागते. अंतर आणि एचपीनुसार केबलचा तक्ता पंपाच्या पुस्तिकेत बहुधा असतो, पण ती पुस्तिका खोक्यासोबत रद्दीत जाते. तोच तक्ता दुकानाच्या भिंतीवर का लागू नये? चार एमएमची केबल महाग पडते, हे खरं. तीनशे मीटरवर ती दीडशे वॅट वाचवते, हेही खरं, आणि ते गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

केबल जुनी असेल तर मोजून बघा. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, केबल दोन्ही टोकांना सोडवा. विहिरीकडच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पिळा आणि पेटीकडून मल्टिमीटर लावा. त्याच्या पिना आधी एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायचा. उरलेल्याचं निम्मं म्हणजे एका तारेचा रोध. तो हिशेबापेक्षा ठळक जास्त आला, तर नवं बंडल आणण्याआधी टेप गुंडाळलेले जोड उकरा. अर्ध्या ओहमचा एक सैल जोड ८ अँपियरवर ३२ वॅट उष्णता काढतो. बोटभर जागेत सोल्डरिंगची कावीच पेटवून ठेवल्यासारखी.