दुहेरीचा खेळाडू फॉर्म भरताना तयार होत नाही

भारतीय बॅडमिंटन संघटना, महाराष्ट्र बॅडमिंटन संघटना आणि राज्याचा क्रीडा विभाग यांच्या पदाधिकाऱ्यांस,



जुलै 2024 मध्ये टी-20 विश्वविजेत्या क्रिकेटपटूंचा विधान भवनात सत्कार झाला, तेव्हा बॅडमिंटनपटू चिराग शेट्टीने जाहीर नाराजी व्यक्त केली होती. 2022 चा थॉमस कप जिंकणाऱ्या संघात महाराष्ट्राचा तो एकटाच, आणि त्याची दखल राज्याने घेतली नव्हती. नाराजी रास्तच होती. पण हारतुरे आणि धनादेश ही फार पुढची गोष्ट. बारा-चौदा वर्षांचा दुहेरीचा खेळाडू तुमच्या व्यवस्थेत कुठे असतो, हे विचारायला हे पत्र लिहितो आहे.

मला तरी तो कुठे दिसत नाही. जिल्हा स्पर्धांमध्ये जोडी जमते ती फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी. एकेरीत नाव दिलेलंच असतं, मग दुहेरीसाठी कुणी मोकळं आहे का, अशी विचारणा होते. दोघं एकेरीचे सामने खेळून दमतात आणि संध्याकाळी एकमेकांच्या अंगावर धडकत दुहेरी खेळतात. पालक तोवर घरी जायची घाई करत असतात. एकेरीत जमलं नाही की प्रशिक्षक सांगतात, ‘आता दुहेरी खेळ.’

दुहेरी हा वेगळा खेळ आहे, हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. तरी सांगतो, कारण सराव बघून ते कुणाला ठाऊक असावं असं वाटत नाही. दुहेरीचं कोर्ट रुंदीला 20 फूट, एकेरीपेक्षा तीन फुटांनी जास्त. सर्व्हिसची हद्द मात्र लांबीला 13 फूटच, म्हणजे एकेरीपेक्षा अडीच फुटांनी कमी. त्यामुळे एकेरीत चालणारी उंच, खोल सर्व्हिस इथे घातक ठरते. समोरचा ती थेट अंगावर मारतो. सर्व्हिस नेटला घासून जाईल इतकी खाली हवी, मधूनच एखादी फ्लिक. रिटर्न करणारा एक पाय पुढे टाकून, रॅकेट वर धरून टपलेलाच असतो. बऱ्याच रॅली कुणाच्या, हे पहिल्या तीन-चार फटक्यांतच ठरून जातं. आपला जोडीदार मागे गेला की आपण पुढे, बचावाला आलो की दोघं शेजारी-शेजारी, आणि हे सगळं मागे वळून न बघता. याला हजारो तासांचा सराव लागतो, तोही एकाच माणसाबरोबर. आपल्याकडे मुलं बॅकहँड सर्व्हिस मन लावून घोटतात ती सतरा-अठराव्या वर्षी, एकेरीचा रस्ता बंद झाल्यावर.

मग सात्विक-चिराग ही आपली दुहेरीची जोडी कशी तयार झाली? चिरागची सुरुवात गोरेगावला उदय पवार यांच्या अकादमीतली. सात्विकसाईराज आंध्रातल्या अमलापुरमचा. दोघेही मागच्या कोर्टातून ठोकणारे, त्यामुळे ही जोडी कागदावर शहाणपणाची नव्हती. ती लावली टॅन किम हर या मलेशियन प्रशिक्षकाने, आणि दोघांतला कुणीतरी नेटवर उभा राहायला शिकेल, तोवर धीरही त्यानेच धरला. हे टॅन 2019 मध्ये पद सोडून गेले. त्यांच्या जागी फ्लँडी लिम्पेले आले, फार काळ टिकले नाहीत. टोकियो ऑलिम्पिकच्या तोंडावर डेन्मार्कचे माथियास बो आले. तिथे आपल्या जोडीने गटात ली यांग आणि वांग ची-लिन यांना हरवलं, तीनपैकी दोन सामने जिंकले, तरी गेमच्या फरकावर ती बाद झाली. पुढे सुवर्णपदक मिळालं त्याच ली-वांगना. पॅरिस ऑलिम्पिकनंतर बोही गेले आणि पुन्हा टॅनना बोलवावं लागलं. जगात पहिल्या क्रमांकापर्यंत पोहोचलेल्या जोडीची ही कथा, तर विसाव्या-तिसाव्या क्रमांकावरच्यांचं काय होत असेल?

या खेळाडूंचं पोट कशावर चालतं तेही बघा. 2023 ची इंडोनेशिया ओपन सात्विक-चिरागने जिंकली. एकेरीच्या विजेत्याला 87,500 डॉलर होते, दुहेरीच्या जोडीला 92,500. म्हणजे प्रत्येकी 46,250. विमान, हॉटेल आणि फिजिओ मात्र प्रत्येकाला पुरेच लागतात. शिवाय क्रमवारी जोडीची असते. एकाची पाठ धरली की दुसरा धडधाकट माणूस घरी बसतो, आणि जोडी फुटली की नव्या जोडीदाराबरोबर गुण जमवायला बहुधा खालच्या स्पर्धांत उतरावं लागतं. तुमच्या शिष्यवृत्त्या मात्र एकेकट्या खेळाडूच्या नावाने निघतात.

ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनच्या पाच स्पर्धा आहेत, त्यातल्या तीन दुहेरीच्या. इंडोनेशियाच्या आठ सुवर्णांपैकी पाच दुहेरीतली आहेत. आपली तीनही ऑलिम्पिक पदकं एकेरीतली, सायनाचं एक आणि सिंधूची दोन. आशियाई क्रीडा स्पर्धेत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी 1982 मध्ये दिल्लीला पुरुष दुहेरीत कांस्य मिळवलं, त्यानंतरचं पदक थेट हांगझोला, 2023 मध्ये. एवढ्या वर्षांत मुलांमध्ये दम नव्हता, हे मला पटत नाही.

नव्या स्टेडियमची घोषणा नको. राज्याच्या 15 आणि 17 वर्षांखालील स्पर्धांत दुहेरीला स्वतंत्र दिवस द्या. वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या मुलामुलींना एकत्र आणून जोड्या लावून बघणारं शिबिर दरवर्षी घ्या, आणि त्याला निव्वळ दुहेरी शिकवणारा प्रशिक्षक नेमा. लावलेली जोडी निदान दोन हंगाम तोडू नका, पालकांनी कितीही आग्रह केला तरी. जोडीदार जखमी असेल तोवर दुसऱ्याचं मानधन चालू ठेवा. दोन राज्यांतल्या खेळाडूंची जोडी असेल तर सरावाचा खर्च कुणी करायचा, हे राष्ट्रीय संघटनेने लिहून ठेवावं. सध्या तो बहुतेक वेळा आईबाप करतात.

यातलं काय करणार, काय करणार नाही आणि का, ते पुढच्या हंगामाचं वेळापत्रक छापण्याआधी जाहीर करा, म्हणजे मुलांना जोडीदार शोधायला वेळ मिळेल.

आपला,
जिल्हा स्पर्धांचा एक नेहमीचा प्रेक्षक