अर्ध्या तिकिटाच्याही खाली

एसटीच्या गाडीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट पडते. पाचाखालच्या मुलाला तिकीटच नाही. म्हणून आसनावर हक्कही नाही. ते आईच्या मांडीवर बसते आणि वाहकाच्या हिशेबात प्रवासी म्हणून धरले जात नाही. वाहकाचा हिशेब सोयीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेबद्दल. तिने हाच हिशेब कित्येक दशके चालवला आहे, आणि एक पाऊल पुढे जाऊन ते मूल ज्या मांडीवर बसलेले असते त्या मांडीचे तिकीटही नाकारले आहे.

हा विषय काढण्याचे निमित्त असे. एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी ‘लहान मुलांसह केलेल्या प्रवासाचे मराठी लेखन’ हा विषय सुचवला. संबंधित समितीतले सगळेच जाणते, वाचते प्राध्यापक. विषय नामंजूर झाला आणि तोंडी कारणे सांगण्यात आली ती तीन. पहिले, मूल बरोबर असताना निरीक्षण होत नाही, त्यामुळे असले लेखन प्रवासवर्णन ठरत नाही. दुसरे, दूध, दुपटी, झोप या घरगुती बाबी आहेत. त्यांची जागा आत्मचरित्रात किंवा फार तर रविवारच्या पुरवणीत. तिसरे, एवढ्या लहान मुलाला पुढे काहीच आठवत नाही, तेव्हा त्याला ऐतिहासिक स्थळी नेण्यालाच मुळात अर्थ नाही. ही कारणे तपासली पाहिजेत, कारण ती त्या एका समितीची नाहीत. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकवताना आपण सगळेच ती न बोलता शिकवत आलो आहोत.

आपण शिकवतो तो प्रवासी कसा आहे? अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’पासून (१९४०) पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’पर्यंत (१९६०) आणि तिथून पुढे मीना प्रभूंच्या देशोदेशीच्या भटकंतीपर्यंत त्याचे स्वभाव बदलले, विनोदाची जात बदलली, स्त्री लेखिका आली ही तर मोठीच गोष्ट झाली, पण प्रवाशाचे हात मोकळेच राहिले. या पुस्तकांच्या योग्यतेबद्दल माझा वाद नाही. ज्याने त्याने आपला प्रवास लिहिला. वाद आहे तो त्यांच्यावरून आपण बांधलेल्या व्याख्येशी. मोकळ्या हाताचा प्रवासी हा प्रवाशाचा एक प्रकार होता. आपण त्यालाच प्रवाशाचे लक्षण करून टाकले.

आता पहिले कारण घेऊ. पाचगणीला येणाऱ्या पाहुण्याच्या हाती एक यादी पडते : टेबललँड, सिडनी पॉइंट, पारसी पॉइंट. अर्ध्या दिवसात ती संपवून माणसे महाबळेश्वरकडे निघतात. यादीतल्या प्रत्येक ठिकाणी बघायचे ते दूरचे : दरी, खालची कृष्णा, धोमचे पाणी. दोन वर्षांच्या मुलाला दूरचे दिसत असले तरी त्यात त्याला रस नसतो. टेबललँडवर ते खाली बसते. त्याला दिसतो पायाखालचा तांबूस काळा, भोकाभोकांचा दगड आणि त्याच्या खळग्यांत साचलेले पाणी. त्याच्याबरोबर अर्धा तास उकिडवे बसल्यावर मोठ्या माणसालाही प्रश्न पडतो की सगळा सह्याद्री काळ्या कातळाचा असताना हा जांभा इथे माथ्यावर कसा? पाचगणीच्या पठाराची खरी ओळख म्हणजे हा जांभ्याचा थर, काळ्या कातळावर झाकणासारखा बसलेला. दरी पाहून परतणारा तो तुडवून जातो. मुलामागे बसणारा तो पाहतो. निरीक्षण कोणाचे झाले?

पसरणीच्या घाटाने बारा-तेरा किलोमीटर उतरले की वाई. घाटात मुलाला गाडी लागते, हे लिहिण्याजोगे नाही असे मानण्याचा प्रघात आहे. पण वळणे किती आणि कशी, हे आजवर कोणत्या प्रवासवर्णनाने इतक्या खात्रीने नोंदवले? माझ्या सव्वादोन वर्षांच्या मुलीसह मी वाईत दोन दिवस काढले तेव्हा कृष्णेकाठचा ढोल्या गणपती आम्ही पुढून कमी आणि मागून जास्त पाहिला. गाभाऱ्यातल्या गर्दीत ती थांबेना. देवळाला वळसा घालून मागे पळाली. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत मत्स्याकार आहे. पुराचे पाणी तिच्यावर येऊन दुभंगावे अशी तिची रचना. दर्शन घेऊन पुढच्या पुढे निघणाऱ्याला ती दिसत नाही. पण या देवळाचा इतिहास म्हणजे नदीशी केलेला करार, आणि तो करार मागच्या बाजूला लिहिलेला आहे.

मेणवलीलाही तेच. नाना फडणवीसांच्या वाड्यात माणूस नानांचे कारस्थानी डोके आठवत हिंडतो. कडेवर मूल असले की आधी कळतात उंबऱ्यांच्या उंच्या, भिंतीच्या पोटातून जाणारे अरुंद, काळोखे जिने आणि त्यांच्या उभ्या पायऱ्या. मग सहज मनात येते की या चौकांतून दिवसभर पाणी, सरपण आणि तान्ही मुले वाहणाऱ्या बायका या पायऱ्या कशा चढत असतील. दफ्तरात नोंद नसलेला हा इतिहास गुडघ्यांना कळतो. खाली घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर ती इकडे आली असे सांगतात. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मराठ्यांच्या विजयाची खूण म्हणून ती दाखवली जाते. माझ्या मुलीने मात्र बोट दाखवून एकच शब्द उच्चारला : “बाळ.” त्या घंटेचे ते वाचनही चुकीचे नाही. विजयाच्या खुणेवर एक आई मूल घेऊन उभी आहे, याकडे आपण पाहत नाही, कारण ते पाहायला आपल्याला कोणी शिकवलेले नाही.

हे वाईपुरते नाही. सातारा-सांगलीकडची बरीच तरुण कुटुंबे आज नोकरीनिमित्त जर्मनीत आहेत आणि तिथली जुनी शहरे बाबागाडी ढकलत पाहत आहेत. माझी एक जुनी विद्यार्थिनी न्यूरेंबर्गहून लांबलचक पत्रे लिहिते. किल्ल्याकडे चढणाऱ्या फरसबंदीवर एकदा तिची बाबागाडी अडली. हात द्यायला आलेल्या एका वृद्ध बाईंनी बोलता बोलता सांगितले, की २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात हे जुने शहर बहुतांशी उद्ध्वस्त झाले होते. आज मध्ययुगीन म्हणून जे दिसते त्यातले पुष्कळसे युद्धानंतर पुन्हा उभारलेले आहे. ही माहिती कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळते. पण ज्या आवाजात ती मिळाली तो आवाज मार्गदर्शिकेत नसतो, आणि मोकळ्या हातांनी झपझप जाणाऱ्याला तो सहसा ऐकू येत नाही. तिच्याच पत्रातून समजले, की तिथल्या लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांत लहान मुलांबरोबरच्या प्रवाशांसाठी वेगळा कप्पा राखलेला असतो. म्हणजे मुलासह प्रवास ही प्रवासाची एक रीतच आहे, हे तिथल्या रेल्वेने मान्य केले आहे. आपल्या अभ्यासमंडळांनी अजून केलेले नाही.

दुसरे कारण घरगुतीपणाचे. इथे एक नाव घेतले की पुरे व्हावे : पंडिता रमाबाई. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी वारले. १८८३ च्या एप्रिलमध्ये रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या तेव्हा मुलगी मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती आणि बरोबर होती. ‘इंग्लंडचा प्रवास’ ही त्यांची पुस्तिका त्याच वर्षीची. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, आणि त्या वास्तव्यातून ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हा मराठीतला एक अव्वल प्रवासग्रंथ झाला. म्हणजे मराठी स्त्रीच्या परदेशप्रवासाच्या लेखनाचा आरंभच मुळी एका लहान मुलीचे बोट धरून झालेला आहे. आपण हे लेखन धर्मांतराच्या वादासाठी वाचतो, समाजसुधारणेसाठी वाचतो, अमेरिकेच्या वर्णनासाठी वाचतो. त्यात मनोरमेला किती जागा आहे, आणि जिथे ती नाही तिथे का नाही, हा प्रश्न कोणत्या प्रश्नपत्रिकेत आला आहे?

याउलट लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दत्तूला घेऊन झालेल्या वाटचाली आहेत, त्या आपण आत्मचरित्राच्या तासाला शिकवतो. वाटणी पाहण्यासारखी आहे. मूल घरी ठेवून निघालेल्याचा प्रवास तो प्रवासवर्णन. मूल घेऊन निघालेलीचा प्रवास ते आत्मचरित्र. वाङ्मयप्रकारांची ही सीमा साहित्यशास्त्राने आखलेली नाही, ती घरातल्या कामाच्या वाटणीने आखलेली आहे. आणि ज्या समाजाने पाठीशी मूल बांधलेल्या झाशीच्या राणीचे पुतळे चौकाचौकांत उभे केले, बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचे नाव एसटीच्या निमआराम गाडीला दिले, त्या समाजाच्या विद्यापीठांत मूल घेऊन चाललेली बाई ‘गंभीर विषय’ ठरत नाही! कड्यावरची आई पूज्य, पण बसस्थानकावरची किरकोळ, असा हा न्याय आहे.

तिसरे कारण : मुलाला आठवत नाही. खरे आहे, आठवत नाही. पण प्रवासवर्णन मूल लिहीत नाही. ते लिहिणाऱ्याला आठवते. शिवाय ‘मुलांना काय कळते’ हे वाक्य निदान पाचगणीत तरी उच्चारू नये. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांच्या देखरेखीखाली हे ठिकाण वसू लागले. १८९० च्या दशकापासून इथे निवासी शाळा उभ्या राहिल्या. आरंभी युरोपीय मुलांसाठी, पुढे सगळ्यांसाठी. मैदानी हवा ज्यांना मानवत नाही अशी मुले दूरदूरच्या गावांहून घाट चढून इथे आणली गेली आणि आईबाप उतरून परत गेले. पाचगणीचा इतिहास हा फार मोठ्या अंशी मुलांच्या प्रवासाचा इतिहास आहे. पॉइंटांच्या यादीत त्याला जागा नाही. या गावावर लिहिताना जो मुलांना वगळतो, त्याने गावच वगळले असे म्हणणे भाग आहे.

एक आक्षेप मात्र मी मान्य करते. मुलांसह केलेल्या प्रवासाचे आज जे लेखन होते त्यातले पुष्कळ वाईट असते. पिशवीत काय भरावे याची जंत्री, बोबड्या बोलांचे कौतुक, ‘आमच्या पिल्लूने काय धमाल केली’ हा लाडिक सूर. गाव त्यात नावापुरते उरते. पण लाडिकपणावरचा उपाय समीक्षा हा आहे, बंदी हा नव्हे. वाईट प्रेमकविता लिहिल्या जातात म्हणून आपण प्रेम हा विषय अभ्यासक्रमातून काढलेला नाही. जिथे परखडपणे वाचायला हवे तिथे आपण वाचायलाच नकार दिला, आणि मग लेखन सुधारत नाही म्हणून कुरकुरत बसलो.

तेव्हा मागणी साधी आहे. त्या विद्यार्थिनीचा विषय मान्य व्हावा. रमाबाईंची पुस्तके प्रवासवर्णनाच्या तासाला, मनोरमेसह वाचली जावीत. आणि प्रवासवर्णनाची लक्षणे फळ्यावर लिहिताना ‘सूक्ष्म निरीक्षण’ असे लिहून झाल्यावर प्रत्येक शिक्षकाने वर्गाला एवढे तरी विचारावे, की हे निरीक्षण किती उंचीवरून केलेले आहे. साडेपाच फुटांवरून दिसते तेवढेच शहर असते, असे मानणारी समीक्षा अजून गावात शिरलेलीच नाही. ती पॉइंटावरून दरी पाहून परतली आहे.