दिवाळी तिचीही असते!

“यंदा फराळाचं काय काय केलंत?” वसुबारस आली की हा प्रश्न जिन्याजिन्यांत ऐकू येतो, आणि उत्तर देणारीच्या डोळ्यांवर झोप दाटलेली असते! चिवडा, चकली, करंजी, शंकरपाळे, सारे घरीच झाले पाहिजे, असे कोणत्या पोथीत लिहिले आहे? भगिनींनो, चिवडा-शेव खुशाल विकत आणा. एखाद्या महिला गृहोद्योगातून आणलीत, तर आणखी एका घरची दिवाळी गोड होईल.

एकच पदार्थ घरी करा, पण सर्वांनी मिळून. आमचे मत अनारशाला! अंक हाती पडताच तांदूळ भिजत घाला. तीन दिवस रोज पाणी बदलायचे, ते काम मुलांचे. मग सावलीत कपड्यावर पसरून, दमट असतानाच वाटायचे. पीठ चाळायचे, ते यजमानांनी. गूळ मिसळून गोळा चार-पाच दिवस मुरू द्यावा. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तळावा. उलटू नये, झाऱ्याने वर तूप उडवावे. अनारसा तुपात हसलाच, तर गोळ्यात थोडे तांदळाचे पीठ मळावे, आणि आपणही हसावे!

कंदिलाच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ मुलांच्या हवाली करा. कंदील जरा तिरपा झाला तरी उजेड सरळच पडतो. आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तुम्ही पाय पसरून हा अंक वाचा. चहा यजमान करतील!